‘सी’ भाषेंत ओळ वाचण्याची रीत

संगणकाकडून कांहीं काम करवून घ्यावयाचें म्हणजे प्रथम त्यास कांहीं तरी सांगावें लागतें. आणि हें सांगणें पुष्कळदां एका ओळीचेंच असतें: नांव, गांव, पत्ता. एवढी ओळ वाचून घेणें वरवर अगदीं क्षुल्लक वाटतें. तथापि ‘सी’ भाषा शिकणारा विद्यार्थी पहिली ठेच बहुधा येथेंच खातो. म्हणून या विषयाचा थोडा विस्तारानें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. उदाहरणें मुद्दाम आपल्या धाराशिव जिल्ह्यांतलींच घेतलीं आहेत. तीं कां, हें पुढें कळेल.

ही भाषा डेनिस रिची यांनीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९७२ च्या सुमारास सिद्ध केली. तिच्या दृष्टीनें मजकूर म्हणजे एकापुढें एक मांडलेल्या बारीक खणांची रांग. प्रत्येक खणांत एक बाइट मावतो आणि मजकूर संपतो तेथें शून्याची एक खूण ठेवितात. खण किती राखावयाचे हें कार्यक्रम लिहिणारानें ठरवावयाचें. समोर बसलेला मनुष्य किती लांब ओळ लिहील, हें मात्र त्यास ठाऊक नसतें. सर्व घोटाळ्याचें मूळ हें.

जुन्या पुस्तकांत या कामासाठीं ‘गेट्स’ नांवाचें फंक्शन आढळतें. ओळ कोठें ठेवावयाची हें त्यास सांगतां येतें, पण तेथें जागा किती आहे हें सांगण्याची सोयच नाहीं. पोत्याचें माप न पाहतां ज्वारी ओतीत राहावें, तसा हा प्रकार. त्यांतहि पोतें भरल्यावर ज्वारी निदान जमिनीवर सांडते व दिसते. येथें ती शेजारच्या खणांत शिरून तेथील माहिती गुपचूप पुसून टाकते. २ नोव्हेंबर १९८८ रोजीं रॉबर्ट मॉरिस या अमेरिकन विद्यार्थ्यानें एक कार्यक्रम जाळ्यावर सोडला. तो ज्या वाटांनीं परक्या यंत्रांत शिरला, त्यांपैकीं एक वाट हीच होती: ‘फिंगर’ नांवाची सेवा ५१२ बाइटांच्या जागेंत ‘गेट्स’नें ओळ वाचीत असे, आणि तिला त्यानें ५३६ बाइट पाठविले. पुढें २०११ च्या प्रमाणग्रंथांतून ‘गेट्स’ काढूनच टाकण्यांत आलें. आपल्याकडील कित्येक महाविद्यालयांत मात्र ‘टर्बो सी’ हें जुनें साधन त्यानंतरहि चालू राहिलें आणि त्याबरोबर ही वाईट संवयहि. ती ज्यास लागली असेल त्यानें आजच सोडावी.

‘स्कॅनएफ’ची तऱ्हा निराळी. शब्द वाचावयास सांगितलें असतां तें मोकळी जागा दिसतांच थांबतें. ‘ईट तालुका भूम’ असें लिहिलें तर हातीं ‘ईट’ एवढेंच येतें. उरलेला मजकूर रांगेंत तसाच तिष्ठत राहतो आणि पुढचा प्रश्न वयाचा असल्यास वयाच्या जागीं ‘तालुका’ येऊन उभा राहतो. उलट, आधीं वय विचारून मग नांवाची ओळ वाचूं गेल्यास दुसरीच गंमत होते. वयानंतर दाबलेल्या ‘एंटर’ची खूण रांगेंत शिल्लक असते, पुढील वाचन तीच उचलतें आणि नांव कोरें राहतें. यासाठीं वय देखील आधीं ओळ म्हणून वाचावें व मग तींतून आंकडा काढावा, हें उत्तम.

ओळीसाठीं योग्य फंक्शन ‘एफगेट्स’. त्यास तीन गोष्टी सांगावयाच्या: जागा कोणती, खण किती, मजकूर कोठून घ्यावयाचा. वीस खण सांगितले तर तें फार तर १९ बाइट घेतें व शून्यासाठीं एक राखून ठेवितें. जागा असेल तर ओळीच्या शेवटची खूणहि तें आंत ठेवितें. ती काढून टाकल्यावांचून वाचलेलें ‘ईट’ आणि आपण लिहिलेलें ‘ईट’ जुळत नाहींत. मात्र ती खूण काढण्यापूर्वीं पाहावी. ती असेल तर ओळ पुरी आली. नसेल तर ओळीचा शेष अद्याप रांगेंत आहे, किंवा मजकूरच संपला आहे. वाचावयास कांहींच न उरल्यास ‘एफगेट्स’ नल परत देतें. तेंहि दर वेळीं तपासलें पाहिजे.

आतां आपल्या लिपीचा प्रश्न. केन थॉम्प्सन व रॉब पाइक यांनीं १९९२ मध्यें आंखलेल्या यूटीएफ-८ या पद्धतींत रोमन अक्षरास एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन. आणि काना, वेलांटी, अनुस्वार हीं सर्व स्वतंत्र चिन्हें. म्हणजे ‘ईट’ या दोन अक्षरांस सहा बाइट, ओळीची खूण एक, शून्य एक, मिळून आठ खण हवेत. अक्षरें मोजून चारच खण राखणारास केवळ ‘ई’ मिळेल. ‘ट’ बिचारा वेशीबाहेर! ‘परांडा’ या नांवांत सहा चिन्हें, म्हणून अठरा बाइट. तें वीस खणांत नेमकें बसतें. ‘धाराशिव’ यांत सात चिन्हें, म्हणजे एकवीस बाइट. वीस खण दिल्यास ‘धाराशि’ पुरें येतें, ‘व’चा पहिला बाइट येतो, उरलेले दोन पुढच्या वाचनास जातात. पडद्यावर शेवटीं ‘व’ऐवजीं एक विद्रूप चिन्ह उमटतें. नांवें लिहून घेणाऱ्या कार्यक्रमांत हा दोष असला, तर एखाद्या मुलाचें आडनांव असेंच तुटून नोंदलें जाईल, आणि त्यांत त्याची चूक कांहींच नसेल.

यावर उपाय दोन. जागा ऐसपैस ठेवून, तरीहि ओळ तुटल्यास ती पूर्ण करून घ्यावी. किंवा जेथें ‘गेटलाइन’ उपलब्ध आहे तेथें तें वापरावें. तें ओळीच्या लांबीप्रमाणें जागा स्वतःच वाढवितें, मात्र काम झाल्यावर ती जागा परत करणें आपल्याकडे असतें. ओळ तोडणें भागच असेल तर चिन्हाच्या सांध्यावर तोडावी. सांधा ओळखणें सोपें आहे: देवनागरी चिन्हाचा पहिला बाइट २२४ असतो, पुढचे दोन १२८ ते १९१ यांच्या दरम्यान. ‘ई’ म्हणजे २२४, १६४, १३६. ‘ट’ म्हणजे २२४, १६४, १५९.

विद्यार्थ्यांनीं ‘तुळजापूर’ या नांवास किती खण लागतात तें काढावें, आणि वीसच दिले तर पहिल्या वाचनांत काय येतें व रांगेंत काय उरतें, तें आधीं कागदावर मांडून मग यंत्रावर पडताळून पाहावें.