तपकिरी तुडतुडे: उत्पादकता व पर्यावरण यांच्या समतोलाचा आशियाई धडा

उत्पादन वाढवावयाचे तर पर्यावरणाची हानी सोसावीच लागते, हा समज आशियातील भातशेतीने खोटा ठरविला आहे.

१९६६ मध्ये फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने ‘आयआर-८’ हे बुटके वाण प्रसारित केले. त्यानंतर अधिक उत्पादन देणाऱ्या वाणांबरोबर रासायनिक खते व कीटकनाशके यांचा वापरही वाढत गेला. इंडोनेशियात शासकीय अनुदानामुळे कीटकनाशके स्वस्त झाली. परंतु फवारणीने तुडतुड्यांना खाणारे कोळी व मिरीड ढेकूण नष्ट झाले आणि तपकिरी तुडतुड्यांचा प्रादुर्भाव उलट बळावला.

१९८६ मध्ये त्या देशाने भातावर ५७ कीटकनाशकांच्या वापरास बंदी घातली. पुढे अनुदानही टप्प्याटप्प्याने थांबविले. तरीही भाताचे उत्पादन कोसळले नाही. अन्न व कृषी संघटनेच्या साहाय्याने १९८९ मध्ये तेथे शेतीशाळा सुरू झाल्या. शेतकरी हंगामभर दर आठवड्याला शेतात जमून किडी व मित्रकीटक मोजत आणि फवारणीची गरज आहे किंवा नाही, हे स्वतः ठरवीत. पुढे ही पद्धत व्हिएतनाम, बांगलादेश, भारत आदी देशांत रुजली; महाराष्ट्रातील शेतीशाळांचे मूळही तेथेच आहे.

तुडतुडे वाऱ्याबरोबर देशांच्या सीमा ओलांडतात. त्यामुळे एका देशातील अविवेकी फवारणीचे परिणाम शेजारी देशातील शेतकऱ्यालाही भोगावे लागतात. म्हणूनच कीड-सर्वेक्षणाची माहिती व अनुभव यांची देवाणघेवाण हा केवळ सौजन्याचा भाग नसून शाश्वत उत्पादकतेचा पाया आहे.