चिखलात हात घालू द्या

गेल्या जुलैत आम्ही मावळातल्या एका शेतावर भात लावायला गेलो होतो. लेक आठ वर्षांची. खाचरात पोटरीभर चिखल, वरून रिपरिप. लावणीला आलेल्या एका मावशींनी तिच्या हातात रोपांची मूठ दिली आणि करून दाखवलं. अंगठा आणि बोटं यांच्यात दोन-तीन काड्या धरायच्या, चिखलात बेताने खोवायच्या आणि एकेक पाऊल मागे सरकायचं. लेकीने चार ठिकाणी रोपं खोवली आणि चारही तरंगत वर आली. मी वाकून ती नीट करायला गेले, तशा मावशी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या ताई. रोप वर आलं की तिचं तिला कळंल."

आणि कळलं. पुढची रोपं तिने कोपरापर्यंत हात बुडवून लावली. ती फारच खोल गेली. मग मावशींच्या बोटांकडे टक लावून पाहिलं आणि हळूहळू अंदाज आला. वरवर लावलं तर रोप तरंगतं, फार खोल गेलं तर फुटवे कमी येतात. हे मी तोंडाने कितीदा सांगितलं असतं तरी तिने 'हो' म्हणून सोडून दिलं असतं.

तेव्हापासून तुमच्याशी हे बोलायचं मनात होतं. पुण्या-मुंबईचे आपण सगळे मुलांना लोणावळ्याला नेतो. पण तिथे त्यांच्या हातांना काम किती देतो? गाडीतून टायगर पॉइंट, मेणाचे पुतळे, चिक्कीचं दुकान आणि अंधाराच्या आत परत. शेतावर नेलं तरी आपल्या तोंडी 'कपडे मळतील', 'खेकडा चावेल', 'इकडे बघ, फोटो काढते'. राज्याने २०२० साली कृषी पर्यटनाचं धोरण आणलं. मावळातही मुलांना चिखलात उतरू देणारी शेतं आहेत. अडतं ते आपल्यापाशी.

जाण्याआधी फोन करून एवढंच विचारा, की मुलांना शिकवायला शेतावर राबणारं माणूस असतं का, आणि एका कामाला किती वेळ देता. सकाळभरात बैलगाडी, चूल, कुंभाराचं चाक, लावणी असं सगळं उरकणार असतील, तर त्यातलं एकच मागा. मुलाला तरंगलेलं रोप पुन्हा लावायला वेळ हवा असतो.

त्या दिवशी जेवायला तिथलाच इंद्रायणी भात होता, मऊ, वासाचा. ही जात वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झाली, आंबेमोहराच्या वंशातली. नाव मिळालं ते कुरवंड्याजवळ उगम पावणाऱ्या नदीचं, जी पुढे देहू-आळंदीला जाते. हे मी जेवताना सांगितलं आणि लेकीने ते ऐकून घेतलं, कारण हाताला अजून त्या चिखलाचा वास होता. तोच धडा सकाळी गाडीत दिला असता तर वाया गेला असता.

सगळीकडेच हात लावायचा, असं मात्र नाही. पावसाच्या तोंडावर, मे-जूनमध्ये, राजमाचीच्या रानात काजवे पेटतात. तिथे मुलांना हात मागे ठेवायला शिकवावं लागतं. चमकत उडणारे बहुतेक नर असतात आणि माद्या खाली गवतात, झुडपांवर बसून उत्तर देतात. आपण पायवाट सोडून गवत तुडवलं की त्या पायाखाली येतात, बॅटरी मारली की त्यांची खूण एकमेकांना दिसत नाही. लेकीला एवढं सांगितलं, तर तिने स्वतःहून माझा मोबाइल बंद करून खिशात टाकला. कारण कळलं की मुलं नियम आपल्यापेक्षा कसोशीने पाळतात, हा माझा अनुभव आहे.

आणि पाण्याच्या बाबतीत कृपा करून हट्ट पुरवू नका. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण गेले, त्यांत लहान मुलं होती. डोंगरावर कोसळलेला पाऊस खाली क्षणात पोहोचतो. खाचरातलं गुडघाभर पाणी मुलांना पुरतं, त्यात खेकडे, बेडूक सगळं असतं.

नोव्हेंबरात कापणीला आम्ही पुन्हा गेलो. जमलं तर तुम्हीही जाच, एका खेपेत हे पुरं होत नाही. लेक थेट बांधावरून तिच्या ओळीकडे धावली. वाकडी होती, सापडेल अशी खात्री होती. पण फुटव्यांनी मधल्या जागा भरून टाकल्या होत्या, कुठली ओळ कुणाची काही कळेना. मावशींनी झोडायला तिच्या हातात एक पेंढी दिली. तिने आधी एक लोंबी ओरबाडली, दाणे दोन्ही तळव्यांत चोळले, फुंकर मारून तूस उडवलं आणि ते कच्चे तांदूळ तोंडात टाकून मला विचारलं, "आई, हे माझेच असतील ना?"