बदरी-केदारची पायवाट

हृषीकेशाहून बदरीनाथपर्यंत आता मोटार जाते. सुमारे 300 किलोमीटरचे हे अंतर यात्रेकरू साधारणतः दोन दिवसांत तोडतो. विसाव्या शतकाच्या प्रारंभी हाच प्रवास पायी करावा लागे. प्रथम केदारनाथ, नंतर बदरीनाथ आणि शेवटी कर्णप्रयागहून आदिबदरीच्या बाजूने रामनगरकडे उतरणे, अशी ही वाट पुरी करावयास पाच-सहा आठवडे सहज लागत. घरून निघताना पुष्कळजण निरवानिरव करूनच निघत. आणि त्यात अतिशयोक्ती मुळीच नव्हती.

डोंगराच्या कडेने कोरलेली ही पायवाट प्राचीन असली, तरी तिला रस्त्याचे रूप आले ते 1820 च्या दशकात. कुमाऊंचा कमिशनर ट्रेल याने ते काम हाती घेतले. गढवालमधील काही गावांचा महसूल यात्रेकरूंच्या अन्नदानासाठी, म्हणजे सदावर्तासाठी, राजांनी पूर्वीच तोडून दिलेला होता. त्या उत्पन्नातील पैसा ट्रेलने वाट बांधण्याकडे वळविला. भुकेल्याच्या मुखातला घास काढून रस्ता करणे योग्य की अयोग्य, हा प्रश्न विचारता येईल. परंतु कड्यावरून पाय घसरून मरणाऱ्यांची संख्या त्यामुळे घटली असणार, हेही मानले पाहिजे.

या वाटेचा खरा आधार म्हणजे चट्टी. चट्टी म्हणजे गाव नव्हे आणि धर्मशाळाही नव्हे. दर दोन-चार मैलांवर, जेथे झऱ्याचे पाणी असेल तेथे, गवताने शाकारलेली, पुढून उघडी अशी एक लांबट पडवी असे. मागच्या बाजूस चुलींची रांग आणि एका कोपऱ्यात दुकान. चट्टीवाला राहण्याचे भाडे घेत नसे. त्याच्याकडून पीठ, डाळ, तूप, लाकूड विकत घ्यावे, भांडी त्याचीच वापरावीत, स्वयंपाक करावा आणि तेथेच निजावे, असा शिरस्ता होता. यात्रेच्या पाच-सहा महिन्यांत जे मिळेल त्यावर त्याच्या कुटुंबाचे वर्ष जाई. ज्याला चालवत नसे तो एका माणसाच्या पाठीवरील कंडीत बसे. पैसेवाला चार जणांनी उचललेल्या डांडीतून जाई. संन्याशाजवळ तर शिध्यापुरतेही पैसे नसत. त्यांच्यासाठी बाबा काली कमलीवाले या नावाने प्रसिद्ध असलेल्या स्वामी विशुद्धानंदांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धर्मशाळा व अन्नछत्रे उभारली. हृषीकेशला चिठ्ठी घ्यावयाची आणि वाटेतील ठिकठिकाणी ती दाखवून शिधा मिळवावयाचा, अशी ही व्यवस्था होती.

उघड्या चट्टीचा दोषही मोठा होता. पटकीची साथ यात्रेबरोबर डोंगर चढे, आणि एका चट्टीतून दुसरीत पसरे. 1918 ते 1926 या काळात रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्याने सरकारी नोंदीप्रमाणे 125 माणसे मारली. दार नसलेल्या पडवीत निजलेला यात्रेकरू त्याला सहज सापडे. 1926 च्या मे महिन्यात गुलाबराय येथे जिम कॉर्बेटने त्याला मारले, तेही यात्रामार्गाच्या कडेच्या एका आंब्याच्या झाडावर मचाण बांधून.

मार्गावरील गावांपैकी श्रीनगर हे विशेष उल्लेखनीय. काश्मीरचे नव्हे, अलकनंदेच्या काठचे. गढवालच्या राजांची ही जुनी राजधानी. 1893 मध्ये बिरही नदीच्या खोऱ्यात प्रचंड दरड कोसळून गोहना येथे नदी अडली व मोठे सरोवर बनले. बांध केव्हातरी फुटणार हे अभियंत्यांनी ताडले, तारयंत्राची मार्गरेषा टाकली आणि खोऱ्यातील लोकांना आधीच वर हलविले. 25 ऑगस्ट 1894 च्या रात्री बांध फुटला. जुने श्रीनगर वाहून गेले. पण बळी गेले ते फक्त पाच, बांधाच्या पायथ्याशी परत जाऊन बसलेल्या एका फकिराच्या कुटुंबातले. सरोवराचा उरलेला भाग 1970 च्या जुलैमध्ये नाहीसा झाला. त्या पुराने बेलाकूची ही वस्ती पुसून टाकली.

रुद्रप्रयागला वाट मंदाकिनीच्या खोऱ्यात वळते. गुप्तकाशी आणि उखीमठ ही गावे खोल दरीच्या दोन काठांवर समोरासमोर आहेत. केदारनाथ (सुमारे 3,580 मीटर) बर्फाखाली गेले की त्याची पूजा उखीमठात होते. केदारचे दर्शन घेऊन यात्रेकरू उखीमठाहून चोपता येथील बुरांशच्या अरण्यात शिरत. त्यांच्यातला धीट मनुष्य तेथून तुंगनाथही चढून येई. हे शिवमंदिर सुमारे 3,680 मीटरवर, म्हणजे केदारनाथाहूनही उंच आहे. पलीकडे मंडलच्या उतारावरून गोपेश्वरला येताच मंदिराच्या आवारात धातूचा भव्य त्रिशूळ दिसे. त्यावर गणपतिनाग या राजाचा जुना लेख आहे आणि बाराव्या शतकाच्या अखेरचा अशोकचल्लाचाही. दोन विजेत्यांनी, शतकांच्या अंतराने, एकाच त्रिशुळावर आपली नावे कोरली. दमलेल्या यात्रेकरूंपैकी किती जणांनी ती वाचली असतील, कोण जाणे.

1962 च्या युद्धानंतर सीमेकडे जाणाऱ्या रस्त्यांना वेग आला आणि मोटार बदरीनाथच्या दाराशी पोहोचली. चट्ट्या एकेक करून ओस पडल्या. जेथे मोटाररस्ता जुन्या वाटेवरच बांधला गेला तेथे तिचा मागमूस राहिला नाही. लक्ष्मणझुल्यापासून देवप्रयागपर्यंत मात्र रस्ता गंगेच्या उजव्या काठाने गेला आणि पायवाट डाव्या काठाने होती. म्हणून फूल चट्टी, मोहन चट्टी, महादेव चट्टी ही नावे आणि त्यांमधली वाट बऱ्याच अंशी टिकली. पुढे नयार नदी जेथे गंगेस मिळते त्या व्यासघाटालाही हीच वाट येते.

गौरीकुंडापासून केदारनाथचा चढ मात्र अद्याप पायीच, किंवा खेचरावरून करावा लागतो. जून 2013 च्या महापुरात त्या वाटेवरील रामबाडा ही वस्ती दुकानांसह, धर्मशाळांसह नष्ट झाली. पुढची वाट मंदाकिनीच्या दुसऱ्या काठाने, लिंचोलीवरून, नव्याने काढण्यात आली. तिच्यामुळे पूर्वीच्या 14 किलोमीटरांचे अंतर आता 16 च्या आसपास भरते.