एका मोटारीची पाती दुसरीला

खजुरीहून उमरग्याकडे जाणारा रस्ता आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. त्यावर के. ए. ३२ क्रमांकाच्या मोटारी धावतात, तशाच एम. एच. १३ व एम. एच. २५ क्रमांकांच्याही धावतात. यांपैकी एखादी नवी मोटार थांबलेली दिसली आणि चालकाने परवानगी दिली, तर स्टिअरिंगच्या चाकामागे डोकावून पाहावे. तेथे कधी कधी डाव्या-उजव्या बाजूंस दोन लहान पाती आढळतात. एकीवर अधिकाचे, दुसरीवर उणेचे चिन्ह असते. आकार नावेच्या वल्ह्यासारखा म्हणून त्यांस पॅडल हे नाव पडले. उजवे पाते ओढले की वरचा गिअर पडतो, डावे ओढले की खालचा.

ज्यांच्या मोटारीत गिअर आपोआप बदलतात, परंतु ही पाती नाहीत, अशा काही हौशी मालकांस ती दुसऱ्या मोटारीतून काढून आपल्या मोटारीस लावावीशी वाटतात. ही हौस आजची नव्हे. सोलापूर येथे १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात फियाट मोटार तयार होई. तीच पुढे प्रीमिअर पद्मिनी या नावाने घरोघरी माहीत झाली. या गाडीचा गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबालाच बसविलेला असे. पुढचे आसन बाकासारखे सलग असल्यामुळे मध्ये आणखी एक माणूस दाटीवाटीने बसू शके. (लग्नाच्या वऱ्हाडात या सोयीचे मोल किती, हे वडीलधाऱ्यांस विचारावे.) काहींना मात्र दांडा जमिनीवरच हवा असे. मग मिस्त्री खांबाजवळच्या सळया काढून टाकी व गिअरपेटीपर्यंत नव्या सळया जोडी. काम खटपटीचे खरे, पण सारे डोळ्यांसमोर असे. सळई आखूड पडली तर गिअर पडत नसे. ती बदलली की काम भागे.

पात्यांचे तसे नाही. पाते हा दांडा नव्हे. दारावरच्या घंटेसारखे ते एक बटण होय. ते ओढल्याने केवळ एक विद्युत्‌संदेश निघतो. हा संदेश गिअरपेटीच्या संगणकाकडे जातो, आणि गिअर बदलायचा की नाही हे तो संगणक ठरवितो. भरधाव गाडीत कोणी चुकून पहिला गिअर मागितला, तर तो साफ नाकारतो. म्हणूनच पायाने क्लच दाबावयाच्या साध्या मोटारीस ही पाती लावली, तरी ती केवळ शोभेची ठरतील.

शर्यतीच्या मैदानावर या युक्तीचे पहिले मोठे यश दिसले ते २६ मार्च १९८९ रोजी, ब्राझीलमध्ये. जॉन बार्नार्ड यांनी रचलेली फेरारी ६४० ही गाडी नायजेल मॅन्सेल यांनी चालविली व शर्यत जिंकली. मौज अशी की, शर्यत चालू असतानाच त्यांचे स्टिअरिंगचे चाक ढिले झाले. गाडी थांबवून दुसरे चाक चढविण्यात आले आणि ते पुन्हा धावले. चाक इतक्या झटपट बदलता आले, याचे कारण दोन्ही चाके त्याच गाडीसाठी घडविलेली होती.

आपल्या रस्त्यावरील मोटारीत अडचण नेमकी येथेच येते. चाक गोल फिरते, वायरी मात्र तुटता कामा नयेत. यासाठी चाकाखाली घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली एक चपटी पट्टी असते. ती ठरावीक फेरेच फिरू शकते. पुढची चाके सरळ न ठेवता किंवा पट्टी मध्यावर न आणता ती बसविली, तर एखाद्या मोठ्या वळणावर ती ताणली जाऊन तुटते. पुढे भाषेचा प्रश्न येतो. मोटारीतील निरनिराळे संगणक एका सामाईक तारमार्गावर एकमेकांशी बोलतात. त्याची एक पद्धत बॉश या जर्मन कंपनीने १९८६ साली जाहीर केली. आलेल्या पात्यांचा संदेश या संगणकांस कळला पाहिजे, आणि ‘पाती बसविली आहेत’ अशी नोंदही त्यांत करावी लागते. एकाच कंपनीच्या दोन मोटारींतही हे जुळेलच असे नाही.

सर्वांत नाजूक वस्तू चाकाच्या पोटात असते. १ जुलै २०१९ पासून भारतात प्रत्येक नव्या मोटारीत चालकापुढे एअरबॅग सक्तीची झाली. धडक होताच ही पिशवी डोळ्याचे पाते लवण्याआधी फुगते. तिला पेटविणारा विद्युत्‌प्रवाह त्याच गुंडाळलेल्या पट्टीतून जातो. म्हणून चाक उघडण्यापूर्वी बॅटरीची तार काढून काही मिनिटे थांबावे लागते, कारण यंत्रणेत साठलेली वीज तत्काळ ओसरत नाही.

माझ्या एका आप्ताने भंगारातून असे चाक आणविले. पाती सुरेख चालू लागली, आणि त्या आनंदात समोरच्या फलकावरील एअरबॅगचा तांबडा दिवा जळत असल्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. तीन आठवडे ते मुलाबाळांसह त्या गाडीतून हिंडले. पट्टीचे एक टोक नीट बसलेलेच नव्हते. त्या काळात धडक झाली असती, तर पिशवी उघडलीच नसती. हा दिवा किल्ली फिरविल्यावर लागतो आणि काही सेकंदांत विझतो. त्यांच्या गाडीत पट्टी नीट बसविली व संगणकातील दोषाची नोंद पुसली, तेव्हा तो विझला.