धर्मांतर : अर्थ कोणाचा, परिणाम कोणावर?

धर्मांतर हा शब्द सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु त्याचा अर्थ बोलणाऱ्यागणिक बदलतो. नवा धर्म स्वीकारणारा म्हणतो, 'मला सत्य गवसले.' त्याचे आप्त म्हणतात, 'आमचा माणूस गेला.' मिशनरी त्यात आत्म्याचा उद्धार पाहतो, समाजसुधारक विचारतो, 'जात गेली काय?' आणि शासन विचारते, 'दाखल्यावर धर्म कोणता?' प्रस्तुत लेखात ख्रिस्ती धर्मांतराविषयीच्या या भिन्न मतांचा आपण विचार करणार आहोत. नाशिक जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना हा विषय परका नाही. या विषयातील एक प्रसिद्ध उदाहरण आपल्याच गोदाकाठाशी जोडलेले आहे.

कवी नारायण वामन टिळक यांनी तरुणपणी नाशिक येथे पंडित गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृताचे अध्ययन केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तोही आग्रहपूर्वक भारतीय धर्मोपदेशकाच्या हातून. धर्म बदलला म्हणजे देश, भाषा व संतपरंपरा सोडली, हे त्यांना मान्य नव्हते. संत तुकारामांच्या मार्गानेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची धारणा होती. म्हणूनच त्यांनी ख्रिस्तभक्ती अभंगात आणि कीर्तनात आणली. पुढे १९१७ साली मिशनपासून स्वतंत्र होऊन त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापन केला. धर्मांतर म्हणजे परकीयांचे अनुकरण, या मताला टिळकांचे जीवन हे एक उत्तर आहे.

परंतु त्याच घटनेची दुसरी बाजू त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी भोगली. नाशिकजवळच्या जलालपूर येथे जन्मलेल्या लक्ष्मीबाई अतिशय कडक सोवळ्याच्या घरात वाढल्या होत्या. पतीच्या बाप्तिस्म्याने त्यांचा संसार मोडला व लहान मुलासह त्यांना काही वर्षे वेगळे राहावे लागले. एकाच्या अंतःकरणाचा निर्णय दुसऱ्याला न विचारता त्याच्या आयुष्यावर कसा कोसळतो, हे त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रातून कळते. पुढे पतीजवळ राहावयास गेल्यावरही त्यांनी काही काळ आपले सोवळे पाळले. जातिभेद देवाने निर्माण केलेला नाही, हे त्यांना स्वतःच्या विचाराने पटले. त्यानंतर १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांनी आधी जात सोडली आणि मग धर्म बदलला, हा क्रम विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावा.

ख्रिस्ती धर्मांतरावर आक्षेप घेणाऱ्यांचीही भूमिका एकच नाही. शाळा व दवाखाने यांच्या साहाय्याने धर्मप्रसार करणे महात्मा गांधींना मान्य नव्हते. सेवा निरपेक्ष असावी, असे ते म्हणत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा प्रश्न निराळा होता. धर्म बदलण्याचा माणसाचा अधिकार त्यांनी कधीच नाकारला नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आपल्याच जिल्ह्यातील येवले येथे त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. मिशनऱ्यांच्या शैक्षणिक व वैद्यकीय कार्याचे मोल ते जाणत होते. तथापि ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांची जात चर्चमध्येही का टिकली आणि अन्यायाविरुद्ध लढण्याची ईर्ष्या त्यांच्यात का जागली नाही, हे त्यांनी परखडपणे विचारले.

यात कायद्याचा परिणामही मिसळलेला आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवण्यात आल्या. १९५६ साली शिखांचा व १९९० साली बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती दलितांना हा दर्जा अद्याप नाही. ख्रिस्ती धर्मात जात नाही, असे एक पक्ष म्हणतो. गावाने जात विसरली नसताना कायद्याने ती विसरावी काय, असे दुसरा विचारतो. अनुसूचित जमातींना मात्र धर्माची अट नाही. त्यामुळे त्र्यंबकेश्वर परिसरातील महादेव कोळी, वारली वा ठाकर कुटुंबाने धर्म बदलला तरी त्याचा जमातीचा दर्जा राहतो. अशा कुटुंबांना यादीतून वगळावे, ही काही संघटनांची मागणी आहे. जमात ही जन्माने व संस्कृतीने ठरते, हे त्यावरील उत्तर आहे.

मग निर्णय कसा करावा? आमच्या मते दीक्षेच्या दिवसावरून कोणत्याही धर्मांतराची परीक्षा होत नाही. तो निर्णय स्वतंत्र बुद्धीने घेतला होता काय? घरातील स्त्रियांना व मुलांना त्यात मत होते काय? त्यानंतर माणसामाणसांतील अंतर कमी झाले काय? हे तीन प्रश्न विचारावेत. टिळक दांपत्याला ते लागू करताना आपण कचरत नाही; तेच आपल्यालाही लागू आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपल्या वडीलधाऱ्यांनी धम्म स्वीकारला. तरीही आज आपल्यापैकी कित्येकांच्या घरी सोयरीक जुळवताना पोटजात विचारली जाते. ती विचारली जात असेल, तर दुसऱ्याच्या धर्मांतरात जात शिल्लक राहिली, असे म्हणण्याचा अधिकार आपण अजून मिळवावयाचा आहे. या शाळेतून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांनी तो मिळवावा, अशी आमची अपेक्षा आहे.