दुसरे अपत्य आणि दोन मते

प्रश्न : थोरला मुलगा स्वमग्न आहे. दुसऱ्या अपत्याच्या विचारानेच माझी झोप उडते. हे म्हणतात, ‘उगीच काळजी करतेस.’ खरे कोणाचे?
– एक माता, जबलपूर

उत्तर : थोरले भावंड स्वमग्न असल्यास धाकट्याच्या ठायीही ती अवस्था असण्याचा संभव सुमारे पाचांत एक, मुलग्यांत त्याहून काहीसा अधिक, असे आढळून आलेले असल्यामुळे आपली चिंता निराधार म्हणता येत नाही, परंतु पाचांपैकी चौघे स्वमग्न नसतात, हे आपल्या यजमानांच्या बाजूने नमूद केलेच पाहिजे. निश्चिंत पित्याला मी बेफिकीर समजत नाही. पुष्कळदा तो भीतीच गिळून बसलेला असतो. स्वमग्नतेबद्दल मातेच्या थंड वागणुकीवर ठेवला जाणारा जुना ठपका १९६४ मध्येच मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी खोडून काढला असल्याने, सासरी तशी कुजबुज होत असल्यास ती खुशाल दप्तरी दाखल करावी. निर्णयापूर्वी उभयतांनी आपल्या शहरातील नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयातील बालरोगतज्ज्ञांस भेटून आनुवंशिक सल्ल्याची विचारणा करावी. पुढे मूल झालेच, तर दीड वर्षाच्या सुमारास ते आकाशातला पतंग बोटाने दाखवून आपल्या तोंडाकडे वळून पाहते का, हे न्याहाळावे. पाहत नसल्यास ‘मुलगे उशिराच बोलतात’ या आजीबाईंच्या निवाड्यावर विसंबून महिने दवडू नयेत. थोरल्याचे दिव्यांग प्रमाणपत्र काढले नसल्यास तेही आताच काढावे; २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात स्वमग्नतेचा स्पष्ट समावेश आहे.