रजोनिवृत्ती पुढे ढकलावी काय?

स्त्रीची मासिक पाळी कायमची थांबते, त्या अवस्थेस रजोनिवृत्ती असे म्हणतात. घरगुती बोलण्यात ‘पाळी गेली’ एवढेच म्हटले जाते. पाळी थांबून सलग बारा महिने लोटले आणि त्यास गर्भारपण, मुलास अंगावर पाजणे किंवा एखादा आजार असे दुसरे कारण नसले, म्हणजे ही अवस्था आली असे वैद्य धरतात. युरोप-अमेरिकेत ती सरासरीने ५१व्या वर्षाच्या सुमारास येते. भारतात ४६व्या किंवा ४७व्या वर्षाच्या सुमारास. हा काळ औषधांनी किंवा शस्त्रक्रियेने पुढे नेता येईल काय, याचे प्रयोग आता काही देशांत चालू आहेत. तसे साधल्यास स्त्रियांना ते हवेसे वाटेल काय, असा प्रश्न त्याबरोबर विचारला जातो. परंतु हा प्रश्न भारतात विचारावयाचा तर प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. येथील पुष्कळ स्त्रियांची पाळी वेळेवर जात नाही. ती फार लवकर जाते.

ही गोष्ट आकड्यांनिशी पुढे आली ती बेंगळुरूमधून. त्या शहराच्या नागरभावी भागात सामाजिक व आर्थिक परिवर्तन संस्था आहे. अर्थशास्त्रज्ञ व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ती १९७२ मध्ये स्थापन केली. या संस्थेतील टी. एस. स्यामला यांनी एम. शिवकामी यांच्यासह १९९८-९९ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातील माहितीची छाननी केली आणि २००५ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तिशीच्या पहिल्या पाच वर्षांतील स्त्रियांपैकी सुमारे ४ टक्के स्त्रियांची पाळी थांबलेली होती आणि ३५ ते ३९ या वयात हे प्रमाण सुमारे ८ टक्के होते. अपुरे पोषण आणि हलाखीची सामाजिक-आर्थिक स्थिती यांच्याशी या अकाली निवृत्तीचा संबंध दिसून आला. सर्वेक्षणातील उत्तरे स्त्रियांनी स्वतः सांगितलेली असतात, त्यांमागे रक्ताची तपासणी नसते. त्यामुळे असे आकडे थोडे सैल धरावे लागतात. तरीही वैद्यकशास्त्र ज्या वयातील निवृत्तीस विकार मानते, त्या चाळिशीच्या आतल्या वयात देशातील इतक्या स्त्रिया असाव्यात, ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नव्हती.

पाळी मुळात थांबते का, हे समजण्यासाठी बीजकोशाची रचना पाहू. स्त्रीच्या ओटीपोटात गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंस बदामाच्या आकाराचे दोन बीजकोश असतात. त्यांत स्त्रीबीजे सूक्ष्म पुटकांत बंद असतात. पुरुषाच्या शरीरात बीजे आयुष्यभर नव्याने तयार होत राहतात. स्त्रीला मात्र जन्मापूर्वीच मिळालेल्या साठ्यावर भागवावे लागते. मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असताना हा साठा सर्वांत मोठा, म्हणजे साठ ते सत्तर लाखांचा असतो. जन्माच्या वेळी त्यातील दहा ते वीस लाख बीजे उरतात आणि ती वयात येते तेव्हा तीनचार लाख. पुढे दर महिन्यास एक याप्रमाणे उभ्या आयुष्यात जेमतेम चारपाचशे बीजे पक्व होऊन बाहेर पडतात. बाकीची सर्व जागच्या जागी विरून जातात. साठा हजाराच्या आसपास आला, की पाळी अनियमित होऊन थांबते. खर्च झालेल्यांपेक्षा वाया गेलेल्यांची संख्या शेकडो पटींनी मोठी आहे, आणि संशोधकांची सारी आशा या वाया जाण्यावरच आहे. ती गळती थोडी मंदावली तरी साठा कितीतरी वर्षे अधिक पुरेल.

या दिशेने दोन-तीन वाटा निघाल्या आहेत. कर्करोगावरील तीव्र उपचारांनी बीजकोश निकामी होतात, म्हणून उपचारांपूर्वी बीजकोशाचा तुकडा काढून गोठवून ठेवावा आणि रोग बरा झाल्यावर पुन्हा रोवावा, अशी पद्धत बेल्जियममध्ये विकसित झाली. तेथील जाक डोने यांच्या उपचारानंतर २००४ मध्ये अशा एका स्त्रीस मूल झाले. हीच युक्ती निरोगी स्त्रीसाठी वापरावी, तिशीत तुकडा काढून ठेवावा व पन्नाशीत तो परत बसवून रजोनिवृत्ती अनेक वर्षे लांबवावी, असा प्रस्ताव २०१९ मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे एका खासगी संस्थेने मांडला. दुसरी वाट औषधाची. ईस्टर बेटावरील मातीतल्या जिवाणूपासून रॅपामायसीन नावाचे द्रव्य मिळाले. बदललेले मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून ते दिले जाते. अल्प प्रमाणात दिल्यास बीजकोशाचे वार्धक्य मंदावते काय, याची चाचणी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने हाती घेतली. तिसरी वाट अद्याप उंदरांपाशीच आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संशोधनात रजोनिवृत्तीच्या वयाशी संबंधित असे सुमारे २९० आनुवंशिक भेद आढळले, आणि त्यांपैकी एका जनुकात फेरफार केलेल्या माद्यांचा प्रजननकाळ सुमारे चतुर्थांशाने वाढला. उंदरावरून माणसावर येईपर्यंत बहुतेक आशा वाटेतच विरतात, हा अनुभव येथेही विसरता येत नाही.

आता हवे-नकोचा विचार. ‘पाळी जाते’ या दोन शब्दांत तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत. दरमहा होणारा रक्तस्राव थांबतो, मूल होण्याची शक्यता संपते आणि बीजकोशातून रक्तात मिसळणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक आटते. पहिल्या गोष्टीचे बहुतेक स्त्रियांना दुःख नसते. महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कित्येक घरांतून स्त्रीस त्या दिवसांत बाजूला बसावे लागे. काही घरांतून आजही बसावे लागते. स्वयंपाकघर, देवघर, लोणच्याची बरणी, सगळे तिला वर्ज्य. पाळी गेली की हा विटाळ एकदाचा सुटतो, आणि सुनेला दाराशी थांबवणारी सासू स्वतः देवघरात मोकळेपणी वावरते. अशा स्त्रीस ‘आणखी दहा वर्षे पाळी देतो’ असे सांगणाऱ्या वैद्याचे स्वागत होईल असे वाटत नाही. दुसऱ्या गोष्टीचे तसे नाही. उशिरा लग्न होणाऱ्या व नोकरी करणाऱ्या शहरी स्त्रीस मूल होण्याची मुदत वाढावी असे वाटू शकते. ज्या स्त्रीच्या पदरी तीनचार मुले आहेत, तिला ती मुदत संपल्याचे समाधानच असते.

निसर्गाने ही मुदत का घातली, यावर एक विचार प्रसिद्ध आहे. टांझानियातील हाड्झा लोकांत वृद्ध स्त्रिया जमिनीतून कंद खणून नातवंडांना खाऊ घालतात, हे पाहून अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टेन हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात असे मांडले, की स्वतःची बाळंतपणे संपवून मुलींच्या मुलांकडे पाहणाऱ्या आज्यांमुळेच मानवी वंश तगला. ओर्का जातीच्या देवमाशांतही प्रजनन थांबल्यावर माद्या अनेक वर्षे जगतात. आपल्याकडे लेकीच्या बाळंतपणाला जाणारी आई पाहिलेल्यास हे समजावयास हाड्झांपर्यंत जावे लागू नये. अर्थात पूर्वी जे उपयोगी पडले ते आजही प्रत्येकीस बंधनकारक असावे, असे यातून निघत नाही.

खरी हानी तिसऱ्या गोष्टीत आहे. इस्ट्रोजेन आटले की अंगातून वाफा आल्यासारखे होते, झोप उडते, घाम फुटतो. ही लक्षणे बहुधा काही वर्षांत ओसरतात. हाडांचे मात्र तसे नाही. त्यांतील चुना झपाट्याने कमी होऊन ती ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोकाही वाढतो. उशिरा निवृत्त झालेल्या स्त्रियांत हे धोके कमी आढळतात. त्याची किंमतही आहे. निवृत्ती एक वर्ष पुढे गेली की स्तनाच्या कर्करोगाचा धोका सुमारे ३ टक्क्यांनी वाढतो, असे मोठ्या प्रमाणावरील पाहण्यांतून दिसले आहे. त्यामुळे ५१व्या वर्षी निवृत्त होणारीस साठीपर्यंत नेणे हा लाभ की तोटा, याचा हिशेब सरळ नाही.

या बाबतीत जगाने एकदा घाई केलेली आहे. १९६६ मध्ये रॉबर्ट विल्सन या अमेरिकन डॉक्टरने रजोनिवृत्ती हा एक रोगच असून इस्ट्रोजेन घेतल्यास स्त्री सदैव तरुण राहते असे पुस्तक लिहून सांगितले, आणि लाखो स्त्रिया गोळ्या घेऊ लागल्या. नुसत्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो, हे १९७५च्या सुमारास उघड झाले. म्हणून त्यास प्रोजेस्टोजेनची जोड देण्यात आली. पुढे २००२ मध्ये अमेरिकेतील एका प्रचंड चाचणीचा हा जोड-औषधांचा भाग मध्येच थांबवावा लागला, कारण हाडे मोडण्याचे प्रमाण घटले तरी स्तनाचा कर्करोग, पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्या वाढल्या होत्या. त्या चाचणीतील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. नंतरच्या अभ्यासावरून, निवृत्तीच्या सुमारास लगेच औषध सुरू करणाऱ्या स्त्रियांचा हिशेब वेगळा व बराच अनुकूल असल्याचे मानले जाऊ लागले.

बेंगळुरूच्या आकड्यांतील स्त्री या सर्व चर्चेत कोठे बसते? तिची पाळी पस्तिशीत थांबली आहे. तिला साठीपर्यंत जायचे नाही. इतर स्त्रियांना आपोआप मिळणारी पंधरा वर्षे तिला हवी आहेत. अशा स्त्रीस पन्नाशीच्या आसपासपर्यंत संप्रेरके द्यावीत, याविषयी वैद्यांत फारसा मतभेद नाही. कारण शरीरात त्या वयात जे असावयास हवे होते, तेच भरून काढावयाचे असते. त्यासाठी गोठवलेला तुकडाही लागत नाही आणि ईस्टर बेटाची मातीही लागत नाही.

मात्र अकाली निवृत्ती काही वेळा शस्त्राने ओढवून घेतली जाते. महाराष्ट्राच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांची कहाणी २०१९ मध्ये देशभर गाजली. दसरा-दिवाळीनंतर या कोरडवाहू भागातून हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या उसाकडे जातात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून आगाऊ ‘उचल’ घेतलेली असते आणि ती हंगामभर तोडून फेडावयाची असते. एकाने खाडा केला तर दंड. बाई पहाटेपासून ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून नेऊन गाडीत भरते. फडाकडेच्या कोपीत ना संडास असतो, ना पुरेसे पाणी. अशा ठिकाणी पाळीचे चार दिवस हे चार संभाव्य खाडे होत. अंगावरून पांढरे जाऊ लागले किंवा पोट दुखू लागले, की ‘पिशवी खराब झाली आहे, काढली नाही तर कॅन्सर होईल’ असे सांगणारा कोणी डॉक्टर भेटे. आणि पिशवी काढून टाकण्यास बाई स्वतःच तयार होई. शस्त्रक्रियेचा खर्च पुन्हा उचलीतूनच निघे.

राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे जवळजवळ दर सहा स्त्रियांमागे एकीचे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १५ ते ४९ वर्षे वयाच्या भारतीय स्त्रियांत हे प्रमाण सुमारे ३ टक्के होते. बीडमध्ये त्यानंतर जिल्हा शल्यचिकित्सकाच्या परवानगीखेरीज खासगी रुग्णालयांनी अशी शस्त्रक्रिया करू नये असा दंडक घालण्यात आला. इतर राज्यांतील अशाच तक्रारींवरून सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याविषयीची केंद्राची मार्गदर्शक सूत्रे सर्व राज्यांनी तीन महिन्यांत अमलात आणावीत, असा आदेश दिला.

येथे एक शारीरिक तपशील महत्त्वाचा आहे. नुसते गर्भाशय काढले तर रक्तस्राव थांबतो, पण बीजकोश जागेवर असेपर्यंत इस्ट्रोजेन मिळत राहते. तरीही अशा स्त्रियांचे बीजकोश इतरांपेक्षा काही वर्षे आधी थकतात. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले गेले, तर त्याच दिवशी निवृत्ती येते, मग वय तिशीचे का असेना. आपले नेमके काय काढले, हे रुग्ण स्त्रीस ठाऊक नसेल आणि तिच्यापाशी कागदही नसेल, तर पुढे कंबर, गुडघे आणि हाडे दुखू लागल्यावर तिला संप्रेरके द्यावीत की नाहीत, हे दुसऱ्या डॉक्टरासही ठरविणे कठीण जाते.

पाळी नकोशी झालेल्या या स्त्रीची इच्छा खोटी नव्हती. फडात संडास आणि पाणी असते, आजारपणाची रजा कापली न जाती आणि पांढऱ्या पाण्यावर साध्या गोळ्या देणारे सरकारी केंद्र जवळ असते, तर तिने तीच इच्छा केली असती काय, हे तिला कोणी विचारले नव्हते.